सोने-चांदी नको, मग काय हवे?



काही महिन्यांपूर्वी आपल्या शहरातल्या एका मंगल कार्यालयात लग्नाच्या स्वागत समारंभाला जाण्याचा योग आला. विवाह संस्कार सकाळी चर्चमध्ये झाला होता. मुलगी सिडकोतल्या सुस्थितीतल्या घरातली, वडील चांगल्या हुद्द्यावर. मुलगा वैजापूरकडच्या एका खेड्यातून होस्टेलमध्ये राहून शिकलेला, वाळूजला कारखान्यात नोकरीला. त्याच्या आईवडिलांनी उभे आयुष्य दुसऱ्याच्या रानात काढले. दोघांनी एकमेकांना पसंत केले, घरच्यांनी पुष्कळ कुरकुर करून का होईना मान्यता दिली, आणि लग्न झाले.

जेवणे सुरू झाली तेव्हा स्टेजवरच्या गायकाने 'बॉबी' चित्रपटातले 'ना माँगूँ सोना चाँदी' हे गाणे धरले. ठेका असा की म्हाताऱ्यांचेही पाय हलावेत. तरुण मंडळी नाचू लागली. माझे लक्ष मात्र खुर्च्यांकडे गेले. मुलीकडची माणसे पुढे, पंख्याखाली, मोकळेपणाने बसलेली. मुलाकडची माणसे मागे, भिंतीला धरून. त्यांना तिकडे बसा असे कोणी सांगितले नव्हते, ती आपण होऊनच तिथे जाऊन बसली होती. मुलाचे वडील खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, जणू कोणी उठा म्हणाले तर पटकन उठता यावे. आणि माइकवरून सांगितले जात होते की सोने नको, चांदी नको, हिरे-मोती नकोत, हृदयाच्या बदल्यात हृदय तेवढे हवे.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. हे गाणे नेमके कोणी म्हणायचे? ज्याच्याकडे सोने आहे त्याने, की ज्याच्याकडे नाही त्याने?

गाण्याची थोडी हकिकत सांगतो, कारण ती आपल्याच माणसांची आहे. 'बॉबी' हा राज कपूर यांचा चित्रपट १९७३ साली आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि हे गाणे मन्ना डे यांच्या आवाजातले. पडद्यावर ते जॅक ब्रॅगँझा नावाच्या ख्रिस्ती कोळ्याच्या तोंडी आहे. ती भूमिका प्रेमनाथ यांनी केली. बॉबी ही त्याची मुलगी. जॅकची आई म्हणजे आपल्या दुर्गा खोटे. ती बड्या उद्योगपतीच्या घरी त्याच्या मुलाला, राजला, सांभाळायला होती. म्हणजे मालकाचा मुलगा आणि आयाची नात. (हिंदी सिनेमात ख्रिस्ती माणूस म्हटला की हातात बाटली आणि पायात नाच हे ठरलेलेच. त्याची तक्रार आपण पुष्कळ वर्षे करत आलो आहोत आणि ती रास्त आहे. जॅकही त्याला अपवाद नाही. पण त्या सिनेमात ताठ मानेचा माणूसही तोच आहे, हे सांगितले पाहिजे.)

या गाण्यातले 'घे घे घे' हे पालुपद तर त्याहून जुने आहे. ते गोव्याच्या 'हांव सायबा पल्तडी वयतां' या कोंकणी देखणीतून आलेले आहे. ही देखणी कार्लुस युजेनियु फेरैरा या गोमंतकीय ख्रिस्ती संगीतकाराची मानली जाते. तिच्यातली गोष्ट अशी: नदीपलीकडे दामूचे लग्न आहे. तिथे नाचगाण्यासाठी जायला निघालेली कलावंतीण नावाड्याला पलीकडे पोहोचव म्हणून विनवते. तो ऐकत नाही. मग ती पायातले पैंजण पुढे करते, अंगावरचा एकेक दागिना काढून घे म्हणते, आणि तो नको, नको म्हणत राहतो. एका ख्रिस्ती माणसाने हिंदू कलावंतिणीवर रचलेले गाणे, पुढे मुंबईच्या सिनेमात एका ख्रिस्ती बापाच्या तोंडी गेले. देखणीत देणारी देते आहे आणि घेणारा नाकारतो आहे. सिनेमात मागणाराच सांगतो आहे की मी मागणार नाही. दोन्हीकडे सोने मधे आहे. ते नाकारण्यासाठी का होईना, पण त्याचे नाव घ्यावेच लागते.

आता चित्रपटात पुढे काय होते ते आठवा. जॅक सोयरिकीची बोलणी करायला राजच्या वडिलांकडे जातो. ते त्याच्यावर आळ घेतात की मुलीच्या रूपाचे जाळे टाकून तू माझ्या पैशावर डोळा ठेवलास. एवढ्यावर न थांबता, मुलीला माझ्या मुलापासून दूर ठेव म्हणून रोख रक्कम पुढे करतात. दुसरीकडे हेच गृहस्थ आपल्या मुलाचे लग्न धंद्याच्या फायद्यासाठी एका श्रीमंताच्या मुलीशी ठरवू पाहतात. ती मुलगी मनाने अजून लहान मुलासारखी आहे, लग्न म्हणजे काय हेही तिला उमगत नाही. पुढे मुले पळून जातात तेव्हा शोधून देणाऱ्याला बक्षीस जाहीर होते, आणि बक्षिसाच्या लोभाने गुंड त्यांच्या मागे लागतात. पैशाला आयुष्यभर तोडगा मानलेल्या माणसाला मुलगा हरवल्यावरही दुसरा तोडगा सुचत नाही. त्या मुलांवर संकट येते ते त्याच पैशापायी.

आपण सिनेमा पाहून त्या बापाला नावे ठेवतो आणि घरी येऊन मुलीसाठी स्थळे पाहताना पहिला प्रश्न पगाराचा विचारतो. यात ढोंग आहे का? काही प्रमाणात आहे. पण सगळेच ढोंग नाही, आणि इथे आपण घाई करू नये असे मला वाटते. जो बाप विचारतो की हा मुलगा माझ्या लेकीला काय खायला घालणार, तो लोभी नसतो. त्याने दुष्काळ पाहिलेला असतो. मराठवाड्यात पाणी आणि धान्य यांचा हिशेब न करता कोणाचा संसार चालला आहे? बुरूज बांधायला घेणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभू येशूनेच सांगितले आहे (लूक १४:२८). तेव्हा हिशेब करणे हे पाप नव्हे. हिशेब माणसाचा होऊ लागला की मात्र गोष्ट वेगळी होते.

ही दोन्ही कशी वेगळी ओळखायची, यासाठी मला जुन्या करारातले रूथचे पुस्तक फार मोलाचे वाटते. अवघे चार अध्याय. तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल, पण एकदा या प्रश्नाच्या अंगाने पुन्हा वाचून पाहा. रूथ ही परकी, मवाबी, विधवा, आणि कंगाल. सासू नामीला घेऊन ती बेथलेहेमला येते आणि दुसऱ्यांच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसे वेचते. आपल्याकडेही सोंगणी झालेल्या रानात सरवा वेचणाऱ्या बाया दिसतात. तेच ते काम. शेताचा मालक बवाज, गावातला प्रतिष्ठित, श्रीमंत माणूस. दोघांमधले अंतर याहून मोठे काय असणार?

बवाज तिला मदत करतो. पण कशी करतो ते पाहा. तो तिला पोते भरून धान्य देऊ शकला असता. गावाने वाहवा केली असती. त्याऐवजी तो आपल्या गड्यांना बाजूला सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या, तिला वेचू द्या, आणि तिला कोणी रागावू नका, लाजवू नका (रूथ २:१५-१६). तिला वाटावे की हे माझ्या कष्टाचे आहे. जेवणाच्या वेळी तो तिला कापणी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवतो. ती पोटभर जेवते, आणि उरलेले सासूसाठी बांधून नेते. गरिबीत वाढलेल्या माणसाला या शेवटच्या वाक्यापाशी थांबावेच लागेल. ताटातले थोडे घरच्या माणसासाठी राखायचे, ही सवय श्रीमंत घरात लग्न होऊन गेल्यावरही सुटत नाही.

श्रीमंताने गरिबावर प्रेम करायचे तर असे करावे लागते. दिलेले दिसू द्यायचे नाही.

याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आणखी एक माणूस आहे. त्याचे नावही लिहिलेले नाही. नात्याने तो बवाजपेक्षा जवळचा, त्यामुळे नामीच्या घरचे शेत सोडवून घेण्याचा पहिला हक्क त्याचा. वेशीपाशी दहा वडीलधारी माणसे बसलेली असताना बवाज त्याला विचारतो. शेत म्हटल्यावर तो लगेच तयार होतो. पण शेताबरोबर रूथही येते, असे कळताच मागे सरतो. माझ्या वतनाचे नुकसान होईल म्हणतो. त्याला शेत हवे होते, बाई नको होती. आपल्याकडे १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला, तरी हा बिननावाचा नातलग अजून आपल्या बैठकींना येऊन बसतो. आता तो शहाणा झाला आहे. 'आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या' असे म्हणतो. म्हणजे गाणे 'बॉबी'चे आणि व्यवहार त्या नातलगाचा.

'काही नको' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. श्रीमंताला ते म्हणणे फार सोपे असते. ज्याच्या घरी नळाला पाणी येते त्याला पाण्याचे महत्त्व नाही असे म्हणता येते. 'मी पैशाकडे पाहत नाही' असे म्हणणारी मुलगी खरेच प्रामाणिक असू शकते. पण पैशाकडे न पाहण्याची सोय तिला पैशानेच दिलेली असते, हे तिच्या ध्यानात येत नाही. मुलाला मात्र पैशाकडे पाहावेच लागते. धाकट्या बहिणीची फी, आईचे औषध, बापाचे सोसायटीचे कर्ज. आणि तोच जेव्हा म्हणतो की मला तुझ्या घरचे काही नको, तेव्हा जग त्याच्याकडे संशयाने पाहते. एकाच वाक्याला एका तोंडी औदार्य म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडी डाव म्हणायचे, हा अन्याय आहे.

ख्रिस्तसभेने याबाबत काय म्हटले आहे? चर्चच्या कायद्यानुसार विवाह होतो तो दोघांच्या संमतीने. ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही (कलम १०५७). बापाची श्रीमंती नाही, मामाचा आग्रह नाही. व्यक्तीच्या एखाद्या गुणाबाबत गैरसमज झाला, म्हणजे समजा वाटले त्याहून तो गरीब निघाला, तरी एवढ्याने विवाह रद्दबातल ठरत नाही. तो गुण मुळात आणि मुख्यतः अपेक्षित असेल तरच प्रश्न येतो (कलम १०९७). याचा साधा अर्थ मी असा घेतो की पैसा माणसाजवळ असतो, पैसा म्हणजे माणूस नव्हे. उद्या कारखाना बंद पडला तर ज्याच्याशी लग्न केले तो माणूस बदलत नाही. (धर्म भिन्न असतील तर त्यासाठी वेगळे नियम आहेत आणि बिशपांची परवानगी लागते, तो विषय फादरांना भेटून बोलायचा.)

पण लगेच पुढचे कलमही वाचले पाहिजे. संमती मिळवण्यासाठी कोणी मुद्दाम फसवले, आणि ती फसवणूक संसाराला गंभीर बाधा आणणाऱ्या गोष्टीबाबत असेल, तर विवाह वैध ठरत नाही (कलम १०९८). प्रत्येक लपवलेले कर्ज या कलमात बसेल असे नाही. ते ठरवणे धर्मन्यायालयाचे काम. माझा मुद्दा वेगळा आहे. प्रेमाने सोने मागू नये हे कबूल, पण सोन्याबद्दलचे खरे मागण्याचा हक्क प्रेमाला आहे. घरावर किती कर्ज आहे, पगार हातात किती येतो, दर महिन्याला गावी किती पाठवावे लागतात, हे लग्नाआधी एकमेकांना सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे. पुष्कळ मुले लाजेने हे सांगत नाहीत. मुलगी दुखावेल म्हणून नव्हे, तर आपण लहान दिसू म्हणून. आणि मुलीही आपल्या घरची श्रीमंती किती उसनवारीवर उभी आहे ते सांगत नाहीत! तेही मी पाहिले आहे.

लग्नानंतर अंतर संपते असे गाणी आपल्याला सांगतात, कारण गाणे तीन-चार मिनिटांत संपते. संसारात अंतर स्वयंपाकघरात येऊन उभे राहते. तेल किती घालायचे, पाहुण्यांना चहाबरोबर काय ठेवायचे, दिवा कोणी चालू ठेवला. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य रागाने म्हटलेले नसते, सहज निघून जाते; पण ऐकणाऱ्याला ते वर्षभर पुरते. सासऱ्यांनी प्रेमाने दिलेला फ्रीजसुद्धा बोलतो. तो घेतला तर मान खाली, नाकारला तर अहंकार. घेणाऱ्यालाही मोठे मन लागते, हे आपण फार कमी वेळा बोलतो. देणाऱ्यांवर प्रवचने पुष्कळ होतात, आणि घेणाऱ्याने कसे घ्यावे हे सांगणारे एकही ऐकल्याचे आठवत नाही.

तुलना करण्याचा रोग तर आपल्या शहराच्या मातीतच आहे असे कधी कधी वाटते. आपल्या बीबी का मकबऱ्याला लोक 'गरिबांचा ताज' म्हणतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. मुलगा आझम शाह याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. ताजला कोट्यवधी रुपये लागले आणि इथे सात लाखांच्या आत काम उरकले, असे सांगितले जाते. संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला, मधे दगड आणि वरून गिलावा. पर्यटक येतात, ताजसारखे नाही म्हणतात आणि जातात. मी लहानपणापासून तो पाहतो आहे. सकाळी लवकर, मागे डोंगर आणि थोडे धुके असताना त्याच्याकडे पाहणाऱ्याला आग्रा आठवायचे काही कारण नाही. आपले हिमरू कापडही तसेच. किनखाब ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी रेशमात सूत मिसळून विणलेले, आणि आज तेच शहराची ओळख म्हणून मिरवतो. कशाच्या तरी शेजारी ठेवले की वस्तू कमी पडते. माणसाचेही तसेच होते. दोन घरे एका मांडवात आली की प्रत्येक जण मनातल्या मनात तराजू काढतो.

आणि तो मांडव! दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लग्न ठरलेल्या तरुणांना उद्देशून लिहिले की वेगळे वागण्याचे धैर्य दाखवा, भपक्यात गुरफटून जाऊ नका. खर्च झेपत नाही म्हणून काही जोडपी विवाह संस्कारच टाळतात, याचेही दुःख त्यांनी त्यात बोलून दाखवले. आपल्याकडे टाळत नाहीत, कर्ज काढतात. मुलीकडच्यांनी एवढे केले तर आपण निदान एवढे तरी करावे, म्हणून गरीब बाप गावातल्या सावकाराकडे जातो. श्रीमंत घराने साधे लग्न करायचे ठरवले, तर बचत त्याची होईल ती होईल, पण दुसऱ्या घराचे कर्ज टळते. बवाजने पेंढीतून कणसे गळू दिली, त्यातलाच हा प्रकार आहे असे मला वाटते.

प्रेमासाठी कोणी घरची सगळी दौलत देऊ केली तरी त्याच्या पदरी तिरस्कारच येईल, असे गीतरत्नात म्हटले आहे (८:७). आजवर मी हे वचन श्रीमंताला उद्देशून आहे असे समजत होतो. त्या संध्याकाळी वाटले, ते भिंतीपाशी बसलेल्या माणसासाठीही आहे. दौलतीने प्रेम विकत मिळत नसेल, तर दौलत नसल्याने ते हातचे जाण्याचेही कारण नाही. त्याला हे कोणीतरी सांगायला हवे होते. संत याकोबाने तर खुर्च्यांबद्दलच लिहिले आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, असे तुमच्या सभेत होते का, म्हणून तो विचारतो (२:१-४).

सकाळी चर्चमध्ये ही अडचण नव्हती. तिथे दोन्ही आईवडील पहिल्या बाकावर होते, एक इकडे, एक तिकडे. वधूवरांनी म्हटलेले शब्द तेच होते, जे मागच्या महिन्यात एका हमालाच्या मुलीने म्हटले होते. सुखात आणि दुःखात साथ देईन म्हणताना मुलाचा आवाज थोडा अडखळला. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याचे वडील मुलीच्या वडिलांच्या मागे उभे होते. संध्याकाळपर्यंत हे कुठे गेले?

गाणे संपले, दुसरे सुरू झाले. मी पाहिले तर नवरी स्टेजवरून खाली उतरली होती. जड साडी सावरत ती मागच्या भिंतीपाशी गेली, सासऱ्यांशेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने वाढप्याला दोन ताटे तिकडेच आणायला सांगितली. म्हातारा आधी उठूनच उभा राहिला. तिने हात धरून त्यांना खाली बसवले. या वेळी ते खुर्चीत नीट, पाठ टेकून बसले. काय बोलणे झाले ते आवाजात ऐकू आले नाही, पण दोघे जेवू लागले, आणि थोड्या वेळाने पंख्याखालून दोन-तीन खुर्च्या तिकडे सरकल्या.